एंटरची कळ

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी एका व्यापारी संघटनेनं मला परीक्षक म्हणून बोलावलं. धंद्याची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पुरस्कार द्यायचे होते. मी स्वतः पंचवीस वर्षं दुकानदारांसाठी बिलिंगचे प्रोग्रॅम लिहितोय, म्हणून माझी आठवण झाली असावी. समोर अर्जांचा गठ्ठा आला. उलाढाल किती, ग्राहक किती, माणसं किती, शाखा किती, असे ऐसपैस रकाने. तळाला 'नावीन्य', आणि त्याला जागा दीड ओळ. त्या दीड ओळीत बहुतेकांनी लिहिलं होतं, 'एआय आधारित'. पुढे काही नाही.

त्या दीड ओळीत सहज मावेल असं एक काम मला माहीत होतं. पण ते करणाऱ्या पोरानं अर्जच भरला नव्हता.

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातलं गुळाचं अडत दुकान डोळ्यांसमोर आणा. सौदे झाले की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती करायची. रवे, म्हणजे ढेपा किती, वजन किती, भाव काय; त्यातून हमाली, तोलाई वजा, आधी उचल घेतली असेल तर तीही वजा. हे सगळं कच्च्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीनं खरडलेलं असतं आणि दिवाणजी ते कॉम्प्युटरवर चढवतात. दुकानात नवा प्रोग्रॅम आला होता, दिसायला देखणा. तरी पट्ट्यांना रोज उशीर व्हायचा आणि बाकावर बसलेले शेतकरी एसटीची वेळ बघत चुळबुळ करायचे.

हा पोरगा तिथं गेला आणि तीन दिवस दिवाणजींच्या मागं नुसता बसून राहिला. चौथ्या दिवशी मला म्हणाला, "सर, दिवाणजींचा डावा हात कधी मोकळाच नसतो." खरंच होतं ते. डाव्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा, अंगठ्यानं एकेक चिठ्ठी मागं सारायची. आणि प्रोग्रॅमला दर रकान्याला टॅबची कळ हवी. ती कीबोर्डच्या डाव्या टोकाला! दर वेळी गठ्ठा खाली ठेवा, टॅब दाबा, गठ्ठा उचला, हरवलेली चिठ्ठी शोधा. पोरानं सगळा कारभार उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवर आणला. एंटर दाबला की पुढचा रकाना, अधिकची कळ दाबली की वरचाच भाव खाली. रकान्यांचा क्रमही चिठ्ठीवर असतो तोच. बस्स, एवढंच. त्या आठवड्यात शेतकरी उजेडात घरी निघाले.

आता याला नावीन्य म्हणायचं की नाही? मी म्हणेन, याच धंद्यातली मोठी नावं अशाच गोष्टींवर उभी आहेत. टॅली घ्या. आपल्याकडच्या हिशेबनिसाला 'टॅली येते का?' हा नोकरीतला पहिला प्रश्न असतो. श्यामसुंदर गोएंकांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचा गणित शिकलेला मुलगा भरत ते लिहायला बसला. सुरुवात 1986 सालची. त्या काळच्या पॅकेजांत प्रत्येक खात्याला कोड असायचा आणि तो पाठ करायला लागायचा. टॅलीत खात्याचं नाव लिहिलं की भागलं. व्हाउचर अर्धं भरल्यावर कळलं की या पार्टीचं खातंच उघडलेलं नाही, तरी अडत नाही. ऑल्ट आणि सी दाबा, तिथल्या तिथं खातं उघडा, पुढं चला. कारकुनाची तंद्री मोडत नाही. भरत गोएंकांना पद्मश्री मिळाली 2020 साली, म्हणजे चौतीस वर्षांनी. उशीर म्हणा, पण मिळाली.

अमेरिकेतल्या डॅन ब्रिकलिनचंही तसंच. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकताना त्यानं पाहिलं, की फळ्यावरचा एक आकडा बदलला की मास्तरांना पुढचे सगळे पुसून परत मांडावे लागतात. बॉब फ्रँकस्टनला जोडीला घेऊन त्यानं व्हिसिकॅल्क हे आकड्यांच्या तक्त्याचं सॉफ्टवेअर बनवलं. 1979 साली ते बाजारात आलं आणि त्याच्यासाठी म्हणून लोक ॲपल टू हा कॉम्प्युटर विकत घ्यायला लागले. आज आपण एक्सेलमध्ये एक आकडा बदलतो आणि खालची बेरीज आपोआप फिरते, ते तिथून आलं. पेटंट त्यांच्याकडे नव्हतं. त्या काळी सॉफ्टवेअरला ते सहसा मिळतच नसे. पुढं लोटस ही दुसरी कंपनी बाजार घेऊन गेली. पण एसीएम या संगणक शास्त्राच्या संस्थेनं 1981 मध्येच ब्रिकलिनला ग्रेस हॉपर पुरस्कार दिला होता. उलाढाल बघून नव्हे, काम बघून.

आणि जे काम दिसतच नाही, त्याचं काय? 30 जून 2017 च्या रात्री व्हॅट गेला, 1 जुलैला जीएसटी आला. सकाळी शटर वर गेलं आणि गिऱ्हाइकाला नवं बिल मिळालं. त्यासाठी आमच्यातले कितीजण आठ-आठ दिवस नीट झोपले नव्हते, याचा रकाना कुठल्याच अर्जात नसतो.

मी आयोजकांना म्हटलं, "अर्ज बाजूला ठेवा. प्रत्येकाच्या एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊन तासभर बसू या." ते म्हणाले, "सर, हॉल बुक झालाय." पुरस्कार सगळ्यात जास्त शाखा असलेल्या कंपनीला गेला. माणसं चांगली होती, माझी तक्रार नाही. चहा मात्र थंड होता.

दिवाळीच्या पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. त्या दिवशी दिवाणजींनी चोपड्यांबरोबर कीबोर्डलाही हळद-कुंकू वाहिलं. एंटरवरची अक्षरं तोवर झिजून गेली होती. मग पोराला बोलावून गुळाचा एक बॉक्स हातात दिला आणि सोबत रीतसर छापलेली पट्टी. त्याच्या नावाची. भाव शून्य, हमाली शून्य, येणे रक्कम शून्य.

पोरगा पट्टीकडे बघतच राहिला. मला वाटलं, गहिवरला. तर म्हणतो, "दिवाणजी, प्रोग्रॅमनं शून्य भाव घेतलाच कसा? थांबा, दुरुस्त करतो."