माकडताप : मेलेल्या माकडापासून सुरू होणारा तपास

[दृश्य : दोडामार्ग तालुका, सकाळ. काजूची बाग, बागेला लागून चढत गेलेलं रान.]

सिंधुदुर्गात थंडी ओसरायला लागली की माणसं रानाकडे वळतात. शेत भाजायच्या भाजावळीसाठी पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, गोळा करायचा असतो, लाकूडफाटा आणायचा असतो, आणि थोड्याच दिवसांत काजूची बी वेचायला सुरुवात होते. वाकून, हातांनी, सुक्या पानांच्या थरातून.

याच दिवसांत पशुवैद्यकीय दवाखान्यात एक फोन येतो. "डॉक्टरानू, वरच्या बागेत माकड मरान पडला हा."

एरवी या दवाखान्याचं काम गाभण गाई, शेळ्यांचे जंत, कोंबड्यांची लस. पण या फोननंतर डॉक्टर समोरचं काम हातावेगळं करतात आणि लगेच निघतात. मेलेलं माकड दुपारच्या उन्हात फार वेळ टिकत नाही. एकदा कुजलं की ते माकडतापाने, म्हणजे गोचिडांमार्फत माकडांना आणि माणसांनाही होणाऱ्या विषाणूच्या तापाने, मेलं का, याचं उत्तर मिळणं अवघड होतं.

[दृश्य : वनरक्षक पंचनामा लिहितोय. डॉक्टर पांढरा पोशाख चढवतायत.]

माकड वन्यजीव असल्यामुळे वन विभागाचा माणूस हजर लागतो. आधी पंचनामा होतो : जागा, वेळ, नर की मादी, अंगावर जखम आहे का. कुत्र्यांनी मारलंय का, विजेच्या तारेला चिकटलंय का, हे पाहिलं जातं. अंगावर कसलीच खूण नसेल, तर डॉक्टरांचे हात आणखी सावध होतात.

दुहेरी हातमोजे, मास्क, चष्मा, गमबूट. पायमोज्यांत खोचलेली पँट. हा सगळा पोशाख घालून फेब्रुवारीच्या दमट हवेत उकिडवं बसायचं आणि शवविच्छेदन करायचं.

जरा जवळून पाहू. माकडाच्या कानाच्या पाळीआत, पापण्यांच्या कडेला, काखेत बारीक काळपट ठिपके दिसतायत. हे गोचीड. डॉक्टर चिमट्याने एकेक उचलून काचेच्या कुपीत टाकतात, घाई करत नाहीत. माकडाचं अंग थंड पडत गेलं की गोचीड ते सोडून खाली उतरतात आणि दुसरं गरम रक्त शोधतात. म्हणून अंगावर जितके उरलेत तितके आत्ताच मिळवायचे. उतरलेले आता आपल्या पायाखाली आहेत.

मग पोट उघडलं जातं. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, फुफ्फुस, प्रत्येकाचा छोटा तुकडा वेगळ्या कुपीत. शेवटी कवटी. मेंदूचा नमुना घेणं हे या कामातलं सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात धोक्याचं. हाडाची धार हातमोजा फाडू शकते. इथे कोणी बोलत नाही.

कुप्या तीन आवरणांत बंद होतात आणि बर्फाच्या पेटीत जातात. उरलेलं शव तिथेच जाळलं जातं. आजूबाजूच्या टापूत मॅलॅथिऑनची भुकटी मारतात, म्हणजे खाली उतरलेले गोचीड मरावेत. बागेच्या मालकाला सांगितलं जातं की काही दिवस इकडे फिरकू नका. ऐन हंगामात हे ऐकणं त्याला जड जातं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. आपल्याकडे अनेक गावांत वानर म्हणजे मारुतीचं रूप. मेलेल्या वानराला हळद-कुंकू वाहून, खांद्यावरून नेऊन माती देतात. त्या श्रद्धेचा मान ठेवूनच सांगतो : हात लावू नका. २०१२ साली कर्नाटकात बांदीपूरच्या जंगलात मेलेली माकडं हाताळणाऱ्या, जाळणाऱ्या माणसांनाच हा ताप झाला होता.

[दृश्य : शिमोगा जिल्हा, सोरब तालुका. पानगळीचं रान, सुपारीच्या बागा. जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

हा तपास सुरू झाला तो इथून, आजच्या कर्नाटकातल्या सोरब तालुक्यातून. क्यासनूर हे इथल्या एका राखीव जंगलाचं नाव. त्यावरूनच माकडतापाला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. १९५७ च्या मार्चमध्ये इथल्या खेड्यांतून बातमी आली की माणसं तापाने फणफणतायत, आणि त्याच रानात माकडं मरून पडतायत.

ही बातमी पुण्यात पोहोचली आणि तिथले शास्त्रज्ञ धास्तावले. रानात माकडं मरणं आणि माणसांना ताप येणं ही जोडी त्यांना दक्षिण अमेरिकेतून माहीत होती. ती पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, खूण. आशियात पीतज्वर कधीच आला नव्हता. तो पसरवू शकणारे डास मात्र आपल्याकडे मुबलक. तो आला असेल तर काय होईल, याची कल्पनाही नकोशी होती.

पुण्यात १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर उभं केलं होतं. आज आपण त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही, म्हणून ओळखतो. तिथून डॉ. टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी शिमोग्याला पोहोचले. आजारी माणसांचं रक्त घेतलं, माकडांचे अवयव घेतले. त्या काळी विषाणू शोधायची पद्धत म्हणजे नमुना उंदरांच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना टोचायचा आणि वाट पाहायची.

विषाणू मिळाला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचं नातं निघालं थेट रशियाच्या थंड जंगलांत गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराशी! पश्चिम घाटातल्या रानात सैबेरियाचा भाऊबंद कुठून आला, हा प्रश्न पुढची कित्येक वर्षं पुरला.

एक शंका अशी होती की हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पक्षी आपल्या अंगावरच्या गोचिडांतून हा विषाणू घेऊन आले असतील. ती तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायात कडी घालायला सुरुवात केली. हजारो पक्षी जाळ्यात धरले, तपासले आणि सोडून दिले. पक्ष्यांनी विषाणू आणला, याचा पुरावा काही मिळाला नाही. पण भारतात येणारे पक्षी कुठून येतात, कुठे जातात, याविषयी आपल्याला आज जे ठाऊक आहे, त्यातला फार मोठा भाग या माकडांच्या आजारामुळे हाती लागला. संशोधन असं आडवाटेनेही देऊन जातं.

शिमोगा जिल्ह्यातल्या सागर गावात व्हायरस रिसर्च सेंटरचं फील्ड स्टेशन उभं राहिलं. हॅरॉल्ड ट्रॅपिडो, होर्हे बोशेल, पी. के. राजगोपालन यांच्यासारखे कीटकशास्त्रज्ञ आणि साथरोगतज्ज्ञ रानात राबले. त्यांच्याबरोबर स्थानिक माणसंही राबली. त्यांची नावं कुठल्या शोधनिबंधाच्या माथ्यावर नाहीत, पण कुठल्या ओढ्याकाठी माकडांची टोळी झोपते हे त्यांनाच ठाऊक होतं. प्रयोगशाळेत आणि रानात काम करणाऱ्या अनेकांना हा ताप झाला. तरी काम थांबलं नाही.

[दृश्य : पांढरं फ्लॅनेलचं कापड गवतावरून ओढलं जातंय. संथपणे.]

हे दृश्य साठ वर्षांपूर्वीचं असतं तरी असंच दिसलं असतं. पांढरं फ्लॅनेलचं कापड, एका टोकाला काठी, काठीला दोरी. पायवाटेच्या कडेने, पातेऱ्यावरून, झुडपांना घासत ते ओढत न्यायचं. दर काही पावलांनी थांबायचं, कापड उलटायचं आणि डोळे बारीक करून पाहायचं.

तो बघा. तिळाच्या दाण्याहून लहान. चालतोय.

हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा. नाव अवघड आहे, पण या गोष्टीतला मुख्य वाहक हाच. आयुष्यात तो तीनदा रक्त पितो आणि तिन्ही वेळा वेगळ्या प्राण्याचं. पावसाळ्यानंतर अंड्यांतून बाहेर पडलेल्या सूक्ष्म अळ्या उंदीर, चिचुंद्री, खार, जमिनीवर वावरणारे पक्षी आणि माकडं यांच्या अंगावर चढतात. पोट भरलं की गळून पडतात, कात टाकतात आणि डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत पिल्लांच्या रूपात पुन्हा गवताच्या टोकावर येऊन बसतात. माणसाला चावतं ते बहुतेक हे पिल्लू. चावलेलं कळतही नाही. अळी असताना विषाणू आत गेला असेल, तर कात टाकल्यावरही तो तसाच राहतो.

आता काजूचा हंगाम आठवा. पातेरा गोळा करायचा महिना आठवा. पिल्लांचा हंगामही तोच.

[दृश्य : तात्पुरती प्रयोगशाळा. बर्फावर काचेची ताटली, सूक्ष्मदर्शक.]

संध्याकाळी दिवसभराचे गोचीड बर्फावरच्या काचेवर ओतले जातात. थंडीने ते सुस्तावतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेकाच्या तोंडाची ठेवण पाहून जात ठरवायची. एका जातीचे, एका अवस्थेचे, एकाच जागेचे गोचीड एका कुपीत. दिवा, सुई, वही. पाठ भरून येते. रात्री उशिरापर्यंत हेच चालतं.

पुढची तपासणी पुण्यात एनआयव्हीच्या बंदिस्त प्रयोगशाळांत होते. तिथे कॅमेरा जात नाही.

[दृश्य : गोठा. डॉक्टर गाईच्या आचळाजवळ, शेपटीखाली गोचीड पाहतायत. शेजारी घरमालकीण.]

आणि या गोष्टीत गाय कुठे बसते? अगदी मध्यभागी. पूर्ण वाढलेला गोचीड पावसाळ्यात गुराढोरांच्या अंगावर चढतो. रक्ताने टम्म फुगलेली मादी गळून पडते आणि हजारांनी अंडी घालते. गाईला या विषाणूने आजार होत नाही आणि तिच्यापासून तो पुढे जातही नाही. पण रानात चरायला जाणारी गुरं गोचिडांची संख्या वाढवतात.

होर्हे बोशेल यांनी साठच्या दशकातच हे मांडलं होतं. रान तोडून भातशेती वाढली, वस्ती रानाच्या कडेला आली, गुरांचे कळप रानात शिरले. तोडलेल्या जागी दाट झुडपं माजली. उंदीर, गोचीड, माकड, गुरं आणि माणूस एकाच पट्ट्यात आले. १९८० च्या दशकात दक्षिण कन्नडमधल्या निडले इथे काजूची लागवड करण्यासाठी रान साफ केलं गेलं आणि त्यानंतर तिथे मोठी साथ आली. काजूवर जगणाऱ्या आपल्या तालुक्यांनी ही नोंद वाचायला हवी.

म्हणून हा डॉक्टर गोठ्यात उभा आहे. गाईच्या पाठीच्या कण्यावरून फ्लुमेथ्रिन हे गोचीड मारणारं औषध ओततोय, घरच्या बाईंना सांगतोय, "वहिनी, पातेरा गोठ्यात घालायच्या आधी दोन दिवस उन्हात पसरा, आणि पावसाळ्यातसुद्धा मला बोलवा, तापाची वाट बघू नका." माणसाच्या आजारावरचा हा उपाय गाईच्या पाठीवर होतो. आरोग्य खात्याच्या आकड्यांत तो कुठेच दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

[दृश्य : नकाशा. शिमोग्यापासून वर आणि खाली सरकत जाणारे ठिपके.]

२०१२ पर्यंत हा आजार जवळजवळ पूर्णपणे कर्नाटकातच होता. मग तो केरळात वायनाडला दिसला, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीच्या पालीत, आणि २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. त्या हंगामात सिंधुदुर्गात शंभराहून अधिक रुग्ण प्रयोगशाळेत नक्की झाले. पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसरात आणखी. काहींचे प्राण गेले.

अचानक चढणारा ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं, काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त. दहा-वीस टक्के रुग्णांना बरं वाटून पुन्हा ताप येतो आणि तो मेंदूपर्यंत जातो. यावर खास औषध नाही. माणसापासून माणसाला मात्र हा आजार होत नाही.

[दृश्य : लशीची कुपी, जवळून. मागे हेब्बाळचं आवार.]

लस होती. बंगळुरूत हेब्बाळला पशु आरोग्य आणि पशुवैद्यकीय जैविके संस्था आहे. गुरांच्या, कोंबड्यांच्या लशी बनवणं हे तिचं नेहमीचं काम. कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत विषाणू वाढवून, फॉर्मॅलिनने तो मारून, माणसांसाठीची ही लस तिथेच बनत होती. १९९० पासून ती दिली गेली. २००५ ते २०१० या काळातल्या अभ्यासात दोन मात्रा घेतलेल्यांना सुमारे ६२ टक्के, आणि वर बूस्टर घेतलेल्यांना सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचं दिसलं. संरक्षण टिकायचं मात्र थोडेच महिने. इंजेक्शन दुखायचं, लोक दुसऱ्या मात्रेला यायचे नाहीत. अखेर ती बंद झाली.

आता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्ससोबत नवी लस तयार करतेय. ही राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची कंपनी. गुरांच्या लाळ-खुरकत रोगाची लस बनवत ती मोठी झाली. माणसाला वाचवायची वेळ आली की पुन्हा पुन्हा गुरांच्या डॉक्टरांचंच दार ठोठावावं लागतं, हे या साऱ्या चित्रीकरणात आम्हाला ठळकपणे दिसलं.

[दृश्य : बागेच्या तोंडाशी आशाताई बायकांना तेलाच्या बाटल्या वाटतायत.]

नवी लस गावात पोहोचेपर्यंत हातात आहे ते हे गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल. संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं. रानात जायच्या आधी हातापायांना, मानेला चोळायचं. अंगभर कपडे घालायचे. पातेऱ्यावर बसायचं नाही. घरी आलं की कपडे बाहेरच उतरवून गरम पाण्यात टाकायचे, आणि साबणाने आंघोळ करताना काख, जांघ, गुडघ्यामागची बाजू नीट पाहायची. ताप आलाच तर घरी अंगावर काढू नका. आरोग्य केंद्रात गेल्यावर डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगा : मी रानात गेलो होतो, आणि आमच्या वाडीत अमुक दिवशी माकड मेलं होतं.