कोकणातला मार्च-एप्रिल : आज खारे वारे किती वाजता येणार?

नमस्कार मंडळी. फेब्रुवारी सरत आला की या वाहिनीवर एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जातो : यंदा कोकणात उन्हाळा कसा जाणार? भारतीय हवामान विभाग मार्च ते मे या मोसमाचा अंदाज जाहीर करतो, त्यातला नकाशा सगळीकडे फिरू लागतो आणि किनारपट्टीवर तांबडा रंग दिसला की घबराट सुरू होते. म्हणून नकाशाचे आधी उरकून घेऊ. तो रंग किती अंश तापमान असेल हे सांगत नाही. मोसमाचे तापमान सरासरीहून अधिक राहण्याची शक्यता किती आहे, एवढेच सांगतो. रंग गडद असेल तर शक्यता जास्त, इतकाच त्याचा अर्थ. चौदा एप्रिलला गुहागरला लग्न आहे, दुपारचा मुहूर्त घ्यावा का, असे एका ताईंनी विचारले होते. त्याचे उत्तर या नकाशात नाही.

आता मुख्य मुद्दा. किनारपट्टीवरचा दिवस कसा जाणार, हे खारे वारे किती वाजता सुरू होतात यावर ठरते. सकाळी मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात, जमीन तापली की वारा फिरतो आणि समुद्रावरून खारे वारे येऊ लागतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत, त्यामुळे त्याची लांबण लावत नाही. बहुधा अकरा-बाराच्या सुमारास हा बदल होतो आणि पारा चढायचा थांबतो. मार्चमध्ये मात्र दख्खनच्या पठारावरून येणारे पूर्वेचे वारे कधीकधी जोर धरतात. ही कोरडी हवा सह्याद्री उतरताना दाबली जाते, दर किलोमीटरच्या उतरणीला सुमारे १० अंशांनी तापते आणि खाऱ्या वाऱ्यांना किनाऱ्यावरच रोखून धरते. वारा बाराऐवजी अडीच वाजता फिरला, तर मधल्या वेळात काय होते, हे सांताक्रूझच्या जुन्या नोंदींत दिसते : २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश आणि १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश. मुंबईचा उच्चांक मे महिन्यातला नाही, हे अनेकांना पटतच नाही.

हीच गोष्ट डोळ्यांनी पाहायची असेल, तर मार्चमध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात सकाळी दहाच्या पुढे जाऊन उभे राहा. नौकांवरच्या झेंड्यांची टोके समुद्राकडे असतात. मग एक वेळ अशी येते की सगळे झेंडे काठ्यांना चिकटून लोंबू लागतात आणि हवा अगदी कोंदते. त्यानंतर एकेक झेंडा जमिनीकडे फडफडू लागतो. धक्क्यावर जाळी विणत बसलेली माणसे मान वर न करता सांगतात, ‘वारा फिरला.’ माझ्या मते त्या दिवसाचा खरा हवामान अंदाज तोच असतो.

मोबाईलवर अंदाज पाहणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे. तुम्ही ३६ हा आकडा पाहून मला विचारता की हा बरोबर आहे का; त्याच पडद्यावर जरा खाली तासागणिक वाऱ्याची दिशा दाखवलेली असते, ती कोणी पाहत नाही. दुपारी एक वाजताही वारा पूर्वेचाच दाखवत असेल, तर ३६ चे ३८ व्हायला वेळ लागत नाही. बारालाच वायव्येचा किंवा पश्चिमेचा वारा दाखवत असेल, तर निर्धास्त कामाला लागा. कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्या नोंदींत अशा दिवशी मोठा फरक पडतो, याचे कारणही हेच. कुलाबा तीन बाजूंनी समुद्राला लागून आहे, सांताक्रूझ नाही.

अकोल्याचे एक प्रेक्षक दर वर्षी न चुकता लिहितात की ३७ अंशांना तुम्ही उष्णतेची लाट म्हणता, आमच्याकडे त्याला गारवा म्हणतात. दादा, निकषच वेगळे आहेत. मैदानी भागात किमान ४०, डोंगराळ भागात ३० आणि किनाऱ्यावर ३७ अंश तापमान असावे लागते. शिवाय ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावे लागते. तेही एका ठिकाणी भागत नाही. ‘कोकण आणि गोवा’ या उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तसे घडले, तरच लाट जाहीर होते. त्यामुळे लाट जाहीर झाली नाही म्हणजे त्रास नाही, असे कृपा करून समजू नका.

विशेषतः एप्रिलपासून. तेव्हा खारे वारे वेळेवर येतात, पारा ३३-३४ वर थांबतो, पण अरबी समुद्र तापलेला असतो आणि वारा सोबत दमटपणा घेऊन येतो. घाम येतो, पण वाळत नाही. ३५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर शरीराला ते सुमारे ४५ अंशांसारखे जाणवते. हवामान विभाग ‘उष्ण व दमट’ असा वेगळा इशारा देतो, तो बातम्यांत खालच्या पट्टीत सरकून जातो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हाही पारा काही विदर्भासारखा चाळिशीच्या पुढे गेला नव्हता.

बागायतदारांचे प्रश्न वेगळे असतात. त्यांना मार्चचा कोरडा, पूर्वेचा वारा जास्त नडतो, कारण त्यात कैरी गळते आणि उन्हाच्या बाजूचे फळ भाजते. पावसजवळ आमच्या चुलत्यांच्या बागेत अशा हवेत कलमांच्या पश्चिमेकडच्या फांद्यांवरची फळे आधी डागाळतात. ज्यांना वेळेवर कागदी पिशव्या घातल्या ती बहुतेक वाचतात. पूर्वेचे वारे दोन-तीन दिवस टिकणार असे दिसले, तर पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्या.

राहिला तुमचा आवडता प्रश्न : मार्च तापला म्हणजे पाऊस लवकर येणार का? तसा सरळ संबंध लावता येत नाही. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला, पण त्याचे अनुमान कोणी मार्चच्या उकाड्यावरून काढले नव्हते. मोसमी पावसाचा पहिला दीर्घकालीन अंदाज एप्रिलच्या मध्यास येतो. तो जाहीर झाला की त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करू. तोवर प्रश्न विचारताना आपल्या गावाचे नाव आणि ते समुद्रापासून किती आत आहे, एवढे जरूर लिहा.