स्टेअरिंग हलकं कसं होतं?

(दृश्य: पार्किंगमध्ये उभी छोटी कार. चालक स्टेअरिंग पूर्ण वळवतो.)

गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग वळवलं, की टायर डांबरावर नुसते घासत फिरतात. सगळ्यात जास्त जोर इथेच लागतो. तरीही हे स्टेअरिंग एका हाताने फिरतंय.

आधी हे काम तेलाच्या दाबावर चालायचं. इंजिनच्या बेल्टवर पंप फिरायचा आणि सरळ रस्त्यावरही इंधन खात राहायचा. १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीने सर्व्हो या छोट्या गाडीत विजेच्या मोटरवरचं पॉवर स्टेअरिंग आणलं. मोटर वळवायच्या वेळीच जोर लावते.

(दृश्य: उघडलेला स्टेअरिंग कॉलम, अगदी जवळून.)

हा पोलादी दांडा बघा. याला टॉर्शन बार म्हणतात. हात स्टेअरिंग वळवतात, टायर अडून बसतात आणि मधल्या मध्ये हा दांडा पिळला जातो, जेमतेम अंश-दोन अंश. सेन्सर तेवढा पीळ मोजतो. चालकाने किती जोर लावला, ते त्यावरून कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या छोट्या संगणकाला कळतं. वेग कमी असेल तर तो मोटरकडून भरपूर मदत घेतो. वेग वाढला की हात आखडता घेतो. नाहीतर महामार्गावर जरासा धक्का लागला तरी गाडी लेन सोडेल.

खरी कसोटी पुढेच आहे. मदत फार वाढवली, तर मोटर स्वतःच्याच गतीच्या भरात पुढे निघून जाते, दांडा उलट पिळला जातो, मोटर मागे फिरते आणि स्टेअरिंग हातात थरथरू लागतं. म्हणून कंट्रोलर मोटरच्या वेगावरही नजर ठेवतो आणि वेळीच तिला आवरतो. वळण संपल्यावर स्टेअरिंग मध्यावर यायला मोटर आणि गिअरचं घर्षण आडवं येतं; तिथेही हलका रेटा द्यावा लागतो. हा हिशेब सेकंदाला शेकडो वेळा होतो.

आणि रस्ता तळहाताला कळलाच पाहिजे. पावसात पुढचे टायर घसरू लागले, की स्टेअरिंग एकदम हलकं लागतं. हा इशारा दाबून टाकणारी मदत कितीही सुखाची असो, ती चांगली नव्हे.

(दृश्य: डॅशबोर्डवर पेटलेला स्टेअरिंगचा दिवा.)

सेन्सरचे सिग्नल एकाहून जास्त वाटांनी येतात. ते एकमेकांशी जुळले नाहीत, तर अनेक गाड्यांत मोटरची मदत बंद होते आणि हा दिवा लागतो. स्टेअरिंग जड होतं, दोन्ही हातांनी ओढावं लागतं. पण बहुतेक गाड्यांत स्टेअरिंग आणि चाकांमधला लोखंडी जोड कायम असतो, त्यामुळे गाडी वळवून कडेला घेता येते.