शाळेच्या इमारतीसाठीचा कर आणि आपलं मत

नमस्कार मंडळी,

इथे कॅलिफोर्नियात घर घेताना आपण आधी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, पाहतो. चांगल्या शाळेसाठी लहान घर, लांबचं ऑफिस, जड हप्ता, सगळं सोसतो. मग त्याच डिस्ट्रिक्टचा बॉन्ड, म्हणजे शाळेच्या इमारतींसाठी रोखे विकून कर्ज काढण्याचा प्रस्ताव, मतपत्रिकेवर येतो आणि आपल्यातले कितीतरी जण तो रकाना कोरा सोडतात. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

शाळेच्या रोजच्या खर्चाचं गणित राज्याच्या सूत्रावर चालतं. इमारतीचं तसं नाही. नवीन शाळा बांधायला राज्य साधारण निम्मी रक्कम देतं, पण उरलेली सहसा डिस्ट्रिक्टने स्वतः उभी करावी लागते. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रपोझिशन 2 (राज्यभरच्या मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) मंजूर झालं आणि शाळा व कम्युनिटी कॉलेजांच्या बांधकामांसाठी 10 अब्ज डॉलरच्या राज्य रोख्यांची सोय झाली. त्यातला वाटा मिळवायचा तरी स्थानिक पैसा लागतोच. तो उभा करण्यासाठी डिस्ट्रिक्ट रोखे विकतं आणि पुढची 25-30 वर्षं आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून ते फेडतं.

पूर्वी अशा बॉन्डला दोन तृतीयांश मतं लागत. 2000 साली प्रपोझिशन 39 ने ती अट 55 टक्क्यांवर आणली, पण त्याबरोबर बंधनंही घातली. कामांची यादी आधी जाहीर करायची, दरवर्षी ऑडिट करायचं, आणि या पैशातून पगार द्यायचे नाहीत. युनिफाइड डिस्ट्रिक्टमध्ये (प्राथमिक ते हायस्कूल सगळ्या शाळा एकत्र चालवणाऱ्या) अशा एका बॉन्डचा अंदाजित कर करपात्र मूल्याच्या दर लाखाला वर्षाला 60 डॉलरपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे करपात्र मूल्य 12 लाख असेल तर जास्तीत जास्त 720 डॉलर. शेजारच्यांनी घर फार पूर्वी घेतलं असेल आणि त्यांचं मूल्य 3 लाखांवरच असेल, तर त्यांना 180. ही तफावत नव्याने घर घेतलेल्यांना खुपते, आणि खुपायलाच हवी. पण तिचं मूळ 1978 च्या प्रपोझिशन 13 मध्ये आहे; त्यामुळे घर विकलं जाईपर्यंत त्याचं करपात्र मूल्य दरवर्षी थोडंसंच वाढतं. शाळेला नकार दिल्याने ती मिटणार नाही.

ज्येष्ठ मंडळी म्हणतात, आमची मुलं तर कधीच शिकून बाहेर पडली. पण ती ज्या वर्गांत शिकली, त्यांचे हप्ते भरणाऱ्यांमध्ये शाळेत एकही मूल नसलेली कितीतरी घरं होती.

शिवाय हा भूकंपाचा प्रदेश आहे. 10 मार्च 1933 ला लाँग बीचला संध्याकाळी सहाच्या सुमारास धक्का बसला आणि कितीतरी शाळा कोसळल्या. मुलं घरी गेलेली होती म्हणून वाचली. महिन्याभरात फील्ड अ‍ॅक्ट झाला, आणि तेव्हापासून सरकारी शाळांच्या बांधकामावर राज्याची कडक देखरेख असते. शाळेचं बांधकाम महाग का, याचं एक कारण हेही आहे. हा खर्च मला पूर्णपणे योग्य वाटतो.

तरीही डोळे मिटून ‘हो’ म्हणा, असं मी सांगणार नाही. सॅन डिएगोजवळच्या पोवे डिस्ट्रिक्टने 2011 मध्ये साडेदहा कोटी डॉलर उभे केले. परतफेड 20 वर्षं पुढे ढकलली आणि व्याज साठत जाऊन देणं सुमारे 98 कोटींवर गेलं! 2013 च्या कायद्याने एकूण परतफेडीला मुद्दलाच्या चौपटीची मर्यादा घातली, पण चौपटही थोडी नाही. म्हणून मतदारांच्या माहितीपुस्तिकेत कराचा अंदाज दिलेला असतो, तो वाचा. व्याजासकट एकूण किती फेडायचे आहेत आणि किती वर्षांत, ते बघा. कामांची यादी आपल्या भागातल्या शाळांशी ताडून पाहा. दुरुस्तीने भागत असेल तिथे नवी इमारत कशाला, हेही बोर्डाच्या सभेत उभं राहून विचारा.

आणि बॉन्ड मंजूर झाल्यावर नागरिकांची देखरेख समिती नेमावी लागते. किमान सात सदस्य असतात. पालकांसाठी, ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेसाठी, करदात्यांच्या संघटनेसाठी त्यात जागा राखलेल्या असतात. आपल्याकडे हिशेब तपासणारे आहेत, बांधकामात आयुष्य घालवलेले इंजिनिअर आहेत. त्यांनी अर्ज करावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. समितीच्या सभा सर्वांना खुल्या असतात, त्यामुळे ज्यांना अजून मताधिकार नाही त्यांनाही तिथे जाऊन प्रश्न विचारता येतात. जे नागरिक झाले आहेत पण मतदार म्हणून नोंदलेले नाहीत, त्यांनी निवडणुकीच्या किमान 15 दिवस आधी नोंदणी करावी. अर्ज ऑनलाइन भरता येतो.