पहिल्या घरावरचा हस्तांतरणाचा भार

(तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, मारेगाव, राळेगाव, कळंब, बाभूळगाव ही आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली तालुक्याची गावे नगरपंचायती झाली, तेव्हा रस्ते आणि नळ यांची चर्चा पुष्कळ झाली. मात्र घराच्या खरेदीखतावर त्याचा काय परिणाम होतो, हे फारसे कोणी सांगितले नाही. मुद्रांक शुल्काचा दर महानगरपालिका, नगरपरिषद आणि ग्रामपंचायत या हद्दींप्रमाणे ठरतो. त्याशिवाय स्थानिक संस्थेसाठी किमतीच्या 1 टक्का अधिभार घेतला जातो. जकात गेल्यानंतर छोट्या नगरपालिकांकडे स्वतःच्या उत्पन्नाची साधने मोजकीच उरली, त्यामुळे हा अधिभार मुळातच चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप तो ज्या पद्धतीने पडतो, तिला आहे.

हे शुल्क ठरलेल्या किमतीवर किंवा शासनाच्या बाजारमूल्य दर तक्त्यातील (रेडी रेकनर) मूल्यावर, यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारतात. समजा, सौदा 18 लाखांचा झाला आणि तक्त्यानुसार घराचे मूल्य 22 लाख निघाले, तर न दिलेल्या 4 लाखांवरही शुल्क भरावे लागते. 1 एप्रिल 2025 पासून या तक्त्यातील दर नगरपरिषद व नगरपंचायत क्षेत्रांत सरासरी 4.97 टक्के, तर ग्रामीण भागात 3.36 टक्के वाढले. तक्ता बदलतो एप्रिलमध्ये आणि आपल्याकडे कापसाचे चुकारे होतात हिवाळ्यात, म्हणून मार्च संपण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयासमोर गर्दी होते. मूल्य अवास्तव वाटत असेल, तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे योग्य शुल्क ठरवून घेण्यासाठी, दस्त नेता येतो. हा मार्ग आपल्याकडे फार थोडे लोक वापरतात, याची मला खंत वाटते.

याहून जाचक गोष्ट पुढे आहे. 10 लाखांपर्यंतच्या घरांचा अपवाद सोडला, तर बँका कर्जाची मर्यादा ठरवताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घराच्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे स्वतःच्या हिश्शाची रक्कम जमवून झाल्यावर, सोयाबीन विकून किंवा दागिने गहाण ठेवून, हे पैसे वेगळे उभे करावे लागतात. नोंदणी फी 1 टक्का असली, तरी तिला 30,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे. त्यामुळे 30 लाखांचे घर घेणारा आणि 3 कोटींचे घर घेणारा सारखीच फी भरतात. वरच्या बाजूला मर्यादा घालणे शासनाला सुचले, पण पहिल्यांदाच घर घेणाऱ्यासाठी खालच्या बाजूला सवलत ठेवणे सुचले नाही.

सवलती दिल्याच नाहीत असे नाही. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये शुल्क 3 टक्क्यांनी आणि त्यानंतर मार्च 2021 पर्यंत 2 टक्क्यांनी कमी होते. पण त्या टाळेबंदीनंतरच्या महिन्यांत ज्याच्या हाती पैसा होता, त्यालाच या सवलतीचा लाभ झाला. 1 एप्रिल 2021 पासून केवळ महिलेच्या नावावर निवासी घर घेतल्यास 1 टक्का सवलत मिळते. पती-पत्नीच्या संयुक्त नावावर मात्र ती मिळत नाही. पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकता येणार नाही ही अट 2023 मध्ये काढून टाकली गेली, त्यामुळे 20 लाखांच्या घरावर 20,000 रुपये वाचवणारी ही तरतूद आपल्या घरांत जरूर वापरली जावी.

कॅनडातील टोरांटो महानगरपालिका 2008 पासून असाच हस्तांतरण कर घेते. तेथे पहिले घर घेणाऱ्याला 4,475 डॉलरपर्यंत परतावा मिळतो, आणि 2024 पासून 30 लाख डॉलरांहून महाग घरांवर चढते दर लागू झाले आहेत. नागपूरला किंवा मारेगावला टोरांटोचे दर लावावेत असे मी सुचवत नाही. ज्या कुटुंबाच्या नावावर राज्यात कुठेही घर नाही, त्याच्या पहिल्या घरावरील स्थानिक अधिभार ठरावीक किमतीपर्यंत माफ करावा, एवढी मागणी आपल्या आमदारांकडे आपण लेखी करू शकतो. त्यासोबत नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकाच्या वेळी या अधिभारापोटी शासनाकडून किती रक्कम जमा झाली आणि ती कोणत्या कामावर खर्च झाली, हा प्रश्न प्रत्येक नगरसेवकाने सभागृहात विचारला पाहिजे.