पिनकोडने लावून झालंय, परत कशाला लावताय?

(गिरगाव, सकाळ. पोस्टातलं टेबल, हात जवळून.)

हे हात बघा. पोस्टमन काकांसमोर आलेला गठ्ठा आधीच 400004 चा आहे, पिनकोडप्रमाणे लावायचं काम सॉर्टिंग ऑफिसातच उरकलंय, काका आता फक्त गल्ली नि चाळ लावतायत, अख्ख्या मुंबईची पत्रं परत पसरून बसत नाहीत. हा पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला आला, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवला, पहिले तीन आकडे सॉर्टिंग जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्टाचे. आपल्या मराठी माणसाने देशाला दिलेली सॉर्ट की, म्हणजे क्रम लावायचा आधार, आहे ही, मी तर असंच म्हणेन.

(अंधेरी, रात्र. लॅपटॉपची स्क्रीन.)

आता हे बघा. पोस्टग्रेस हा डेटाबेस, त्यात पार्सलचं टेबल, पिनकोडवर इंडेक्स आहे, म्हणजे पिनकोडच्या क्रमाची तयार सूची, रिपोर्टला हवंय आधी पिनकोड आणि त्यात तारीख. जुना प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, इंडेक्सचा तयार क्रम वापरायचाच नाही, सगळ्या ओळी पहिल्यापासून सॉर्टला घ्यायचा. वर्क मेम, म्हणजे सॉर्टला मिळणारी मेमरी, डिफॉल्ट 4 एमबी, त्यात मावलं नाही की डिस्कवर तुकडे लिहा, मग मर्ज करा. ती ओळ दिसतेय ना, 'एक्स्टर्नल मर्ज, डिस्क'? ती दिसली की आपल्याकडे लगेच मेमरी वाढवतात आणि मला तेच खटकतं, कारण तो आकडा पूर्ण सर्व्हरचा नसतो, एकेका सॉर्टचा असतो, एका क्वेरीत तीन सॉर्ट तर तिप्पट, वर शंभर कनेक्शन.

पोस्टग्रेसचं व्हर्जन 13, सप्टेंबर 2020, इन्क्रिमेंटल सॉर्ट आलं, म्हणजे आधीच लागलेला क्रम ठेवून फक्त उरलेलं लावायचं. अलेक्झांडर कोरोत्कोव्हने त्याचा पहिला पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, 2013 लाच टाकलेला, मग जेम्स कोलमन, टोमास वोंद्रा, वर्षानुवर्षं घासून घासून तो आत गेला. प्लॅनमध्ये आता दोन ओळी, सॉर्ट की: पिनकोड, तारीख, आणि खाली प्रीसॉर्टेड की: पिनकोड. एका पिनकोडचा गठ्ठा घ्यायचा, तारखेने लावायचा, पुढे सोडायचा, मग दुसरा. पहिल्या 50 ओळीच हव्या असतील तर बरेचदा पहिल्या गठ्ठ्यातच काम संपतं, बाकी टेबलाला हातही लागत नाही.

अर्धं टेबल एकाच पिनकोडात असेल तर फायदा उरत नाही, हेही खरं. अंधेरीतला हा रिपोर्ट मात्र आता डिस्कवर जात नाही.

(गिरगाव. सायकल.)

काकांचा गठ्ठा लागला. दोरी बांधली, पिशवीत गेला, पहिली चाळ समोरच आहे.