सोन्याच्या वाटेवरची भावंडे

श्रोतेहो, नमस्कार.

सोन्याच्या शोधात निघालेल्या भावंडांची गोष्ट हा कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या ऐतिहासिक साहस कादंबऱ्यांचा एक आवडता विषय आहे. घरात चणचण असते, वडील आधीच पुढे गेलेले असतात किंवा त्यांचा ठावठिकाणा नसतो, आणि बहीणभाऊ अनोळखी मुलखाची वाट धरतात. अशा कादंबरीत भावंडे असणे ही केवळ लेखकाची सोय नसते, असे माझे मत आहे. त्यासाठी मी आज आपल्याला कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन प्रदेशात घेऊन जाणार आहे. क्लोंडाइकचा गोल्ड रश म्हणून जी धावाधाव जगभर गाजली, तिची सुरुवातच मुळी एका भावाने आपल्या बहिणीला शोधण्यासाठी केलेल्या प्रवासातून झाली.

युकॉनच्या मूळ रहिवाशांपैकी असलेल्या टागिश समाजातल्या कीश या तरुणाला बाहेरची माणसे स्कूकम जिम म्हणत. समुद्रकिनाऱ्यावरून युकॉनकडे नेणाऱ्या चिलकूट खिंडीतून जड ओझी वाहून नेण्याबद्दल त्याचा मोठा लौकिक होता. त्याची बहीण केट ही जॉर्ज कारमॅक या अमेरिकन माणसाशी संसार थाटून युकॉन नदीच्या खालच्या अंगाला गेली होती आणि बरेच दिवस तिची काही खबरबात नव्हती. टागिश मंडळी सांगत आलेल्या हकिकतीनुसार, तिच्या काळजीने जिम आपल्या दोन भाच्यांना, म्हणजे डॉसन चार्ली आणि पॅट्सी हेंडरसन या सख्ख्या भावांना, बरोबर घेऊन नदीने खाली निघाला. केट त्यांना क्लोंडाइक नदीच्या मुखाजवळ, मासेमारीच्या मुक्कामावर भेटली. त्यानंतर १६ ऑगस्ट १८९६ रोजी जिम, चार्ली आणि कारमॅक यांना रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात सोने सापडले. वयाने लहान असलेला पॅट्सी तेव्हा मुक्कामावरच राहिला होता.

सोने पहिल्यांदा कोणाच्या नजरेस पडले, याबद्दल कारमॅक एक सांगत असे आणि जिमची माणसे दुसरेच सांगत. शोध लावणाऱ्याला खाणकामासाठी एकाऐवजी दोन जागांचा हक्क मिळत असे, आणि तो हक्क कारमॅकच्या नावावर नोंदवला गेला, कारण मूळ रहिवाशाच्या नावाने तो मान्य होणार नाही, असे तेव्हा धरून चालले होते. पुढे १९०० मध्ये कारमॅकने केटला सोडून दुसरे लग्न केले. तिच्या हाती त्या संपत्तीतले काहीच लागले नाही. ती आपल्या माणसांत परतली आणि तिच्या राहण्याची सोय भावाने केली. मुलांसाठीच्या पुस्तकात हा भाग येऊ नये, असे म्हणणारे असतात. मला ते पटत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला अन्याय चांगला कळतो, आणि तो लपवून ठेवला तर पुस्तकातले साहस खोटे पडते.

पुष्कळ कादंबरीकार आपले पहिले प्रकरण सिएटल बंदरात मांडतात. ‘पोर्टलंड’ नावाची आगबोट १७ जुलै १८९७ रोजी तेथे धक्क्याला लागली. बोटीवर टनभर सोने असल्याची बातमी वर्तमानपत्रात आली आणि ते बघायला गर्दी उसळली. हे दृश्य विलोभनीय आहे यात शंका नाही. १८९३ पासून अमेरिकेत मंदी होती, लाखो हातांना काम नव्हते, आणि अशा वेळी कळकट कपड्यांतली माणसे सोन्याची गाठोडी घेऊन बोटीतून उतरली तर आशा पल्लवित होणारच. परंतु शोध लागून तोवर अकरा महिने उलटले होते आणि चांगल्या ओढ्यांवरच्या जागा केव्हाच वाटून झाल्या होत्या. वाचकाला हे ठाऊक आहे आणि भावंडांना ठाऊक नाही, असे जर लेखकाने ठेवले, तर बंदरावरच्या त्या जल्लोषाला वेगळीच धार येते.

या धावपळीत सुमारे एक लाख माणसे घराबाहेर पडली आणि त्यांपैकी तीस ते चाळीस हजारच क्लोंडाइकच्या मुखाशी वसलेल्या डॉसन शहरापर्यंत पोहोचली. उरलेल्यांना अडवले ते ओझ्याने. युकॉनमध्ये उपासमार होऊ नये म्हणून कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी नियम केला होता, की वर्षभराची शिधासामग्री असल्याशिवाय कोणालाही सरहद्द ओलांडू द्यायची नाही. पीठ, घेवड्याचे दाणे, खारवलेले मांस, साखर, तंबू, कुऱ्हाडी, करवती, खिळे हे सारे मिळून माणशी जवळजवळ एक टन वजन होई. एवढे ओझे एका खेपेत नेणे अशक्य असल्यामुळे थोडे सामान पुढे ठेवायचे, रिकाम्या पाठीने मागे यायचे आणि पुन्हा ओझे उचलायचे, असा क्रम महिनोन् महिने चाले. समुद्रकाठच्या डायी गावापासून खिंडीपलीकडच्या बेनेट सरोवरापर्यंतची वाट सुमारे ५३ किलोमीटरची होती, पण वीस, तीस, कधी त्याहूनही अधिक खेपांमुळे ती प्रत्यक्षात हजारो किलोमीटरची होऊन बसे.

चिलकूटच्या शेवटच्या चढावर बर्फात सुमारे दीड हजार पायऱ्या खोदलेल्या होत्या. माणसे एकामागे एक, मुंग्यांच्या रांगेसारखी, वर सरकत. दम खायला कोणी रांगेबाहेर झाला, तर पुन्हा रांगेत घुसायला तासन् तास वाट पाहावी लागे. वर पोहोचून ओझे टाकले, की खाली येणे मात्र क्षणाचे काम, कारण लोक बर्फावर बसून सरळ घसरत येत. माझ्या मते, या खिंडीचे अख्खे प्रकरण त्या घसरणीभोवती रचावे. वर चढताना बहिणीच्या खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठलेले आहेत, धाकट्याचे मोजे भिजून गोठले आहेत, आणि तरीही खाली घसरताना दोघे मनसोक्त हसतात. मुले कष्टांतही खेळ शोधतात, आणि लेखकाने हे टिपले, की वाचक त्यांचा सोबती होतो. याच वाटेवर ३ एप्रिल १८९८ रोजी हिमकडा कोसळून साठाहून अधिक माणसे मरण पावली, हेही त्या प्रकरणाला विसरता येणार नाही.

सरोवरावर पोहोचल्यावर प्रत्येकाला स्वतःची होडी बांधावी लागे, आणि त्यासाठी आधी ओंडक्यांच्या फळ्या पाडाव्या लागत. उंच माच्यावर ओंडका ठेवून एकाने वर उभे राहायचे, दुसऱ्याने खाली, आणि लांबलचक करवत दोघांनी आळीपाळीने ओढायची. वरच्याला वाटे, खालचा लोंबकळतो आहे. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई आणि वरचा मुद्दाम रेघ सोडून कापतो आहे अशी त्याची खात्री होई. या एका कामापायी जिवाभावाच्या दोस्तांची फाटाफूट झाली, आणि भागीदारी मोडताना काहींनी तयार होडीचे सुद्धा करवतीने दोन तुकडे केले, असे सांगतात. भावंडांच्या कादंबरीत हे भांडण आलेच पाहिजे. मित्र वेगळे होऊन आपापल्या वाटेने जाऊ शकतात. भावाबहिणीला मात्र रात्री त्याच तंबूत, त्याच घोंगडीत झोपायचे असते.

मे १८९८ च्या अखेरीस बर्फ फुटला आणि सात हजारांहून अधिक होड्या आठ-नऊशे किलोमीटरच्या प्रवासाला लागल्या. माइल्स कॅनियन आणि व्हाइटहॉर्स येथील खळाळत्या प्रवाहात पहिल्या दिवसांतच दीडशेच्या आसपास होड्या फुटल्या आणि काही माणसे बुडाली. तेव्हा पोलिसांचे अधिकारी सॅम स्टील यांनी आज्ञा काढली, की बायका आणि मुले यांनी या टप्प्यात होडीत न बसता काठाने पायी चालावे आणि होडी जाणत्या नावाड्यानेच न्यावी. कादंबरीसाठी याहून चांगला पेच मला सुचत नाही. भावंडांचा सारा संसार परक्या माणसाच्या हाती देऊन त्यांनी झाडीतून चालायचे, अधूनमधून फांद्यांआडून नदी दिसते, आणि आपली होडी तरली की बुडाली हे पलीकडे पोहोचेपर्यंत कळत नाही. पराक्रम करायला मिळाला नाही म्हणून चिडलेला भाऊ आणि त्याचा हात न सोडणारी बहीण ही दोन माणसे त्या चालण्यातच पुरी उभी राहतात.

मुले अशा ठिकाणी खरोखर होती का, अशी शंका कोणाच्या मनात येईल. क्रिस्टल आणि मॉन्टी स्नो ही बहीणभावंडे नट असलेल्या आईवडिलांबरोबर, क्लोंडाइकचा शोध लागण्याआधीच, १८९४ मध्ये चिलकूट ओलांडून उत्तरेत गेली होती. खाणकामगारांपुढे ती रंगमंचावर नाचत-गात आणि खूश झालेले प्रेक्षक त्यांच्याकडे सोने उधळत. क्रिस्टल पुढे अलास्काच्या विधिमंडळाची सदस्य झाली. डॉसनमध्ये सोन्याची भुकटी हेच चलन होते. ती तोलताना सांडे, आणि मद्यालयांच्या जमिनीवरचा लाकडाचा भुसा पाण्यात चाळला तर त्यातूनही सोने निघे. लहान चणीच्या, चपळ हातांच्या मुलाला जमेल असे हे काम होते.

डॉसन शहर उभे राहिले तेथे नदीमुखाशी ट्रॉन्डेक ह्वेचिन या मूळ रहिवाशांचा पिढ्यान् पिढ्यांचा मासेमारीचा तळ होता. शहराच्या धामधुमीत आपल्या माणसांचा निभाव लागणार नाही हे ओळखून त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी त्यांना काही किलोमीटर खाली मूसहाइड येथे हलवले, आणि आपली गाणी व नृत्ये हरवू नयेत म्हणून ती अलास्कातल्या आप्तांकडे सोपवली. हा सारा परिसर २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. आपल्या कादंबरीतली भावंडे मूसहाइडला जाऊन तिथल्या मुलांना भेटावीत, अशी माझी इच्छा आहे, पण त्यांना मासे देऊन वाचवणाऱ्या, नाव नसलेल्या मदतनिसांच्या रूपात ती मुले नकोत. त्यांना घर, भाषा, राग आणि भाऊबहिणी असाव्यात.

आता शेवटच्या प्रकरणाचा प्रश्न राहतो. भावंडांना सोन्याचा मोठा साठा सापडावा, असे बालवाचकाला वाटते, पण १८९८ च्या उन्हाळ्यात आलेल्या बहुतेकांच्या पदरी निराशाच आली. पुष्कळांनी दुसऱ्यांच्या खाणींत मजुरी केली. तेथे जमीन बारमाही गोठलेली असल्याने हिवाळाभर शेकोट्या पेटवून ती इंच-इंच वितळवायची, उपसलेल्या मातीचा ढीग करायचा आणि वसंतात पाणी वाहू लागले की तो धुवायचा, असे ते काम होते. आणि मग १८९९ च्या ऑगस्टमध्ये अलास्कातील नोम येथे समुद्राच्या वाळूत सोने सापडल्याची बातमी आली, तेव्हा एका आठवड्यात सुमारे आठ हजार माणसे डॉसन सोडून गेली. माझ्या कादंबरीतला भाऊ त्या बोटीचे तिकीट काढायला निघेल. बहीण तोवर एका पाव भाजणाऱ्या बाईंच्या दुकानात कामाला लागलेली असेल, तिला पगार मिळत असेल, आणि ती त्याला स्वच्छ शब्दांत सांगेल, की मी येणार नाही. दोघांपैकी बरोबर कोण, हे लेखकाने सांगू नये.

धन्यवाद, श्रोतेहो.